सुरीची मूठ हाताला बसवताना

वहिनींचा डब्यांचा व्यवसाय आहे, नाशिकच्या पंचवटीत. रोज सात-आठ किलो कांदा चिरायचा, वर बटाटा, कोबी, फ्लॉवर वेगळा. दिवाळीच्या आधी एकदा त्यांनी उजवा तळहात माझ्यापुढे धरला. "भाऊजी, एवढी वर्षं सातपूरच्या कारखान्यात कानस घासलीत, याचं काही करता येतं का बघा." तर्जनीच्या बुडाशी पिवळट घट्टा, मधोमध चिरलेला. करंगळीखालच्या मांसल भागावर एक आडवी लाल रेघ. सुरी मागितली. भांडी बाजारात मिळते तशी साधी, काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीची. पातं चांगलं होतं, धार धरणारं. मुठीला व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला तर जाडी १३ मिलिमीटर. एवढी बारीक वस्तू दोन तास घट्ट धरायची म्हणजे हात रडणारच.

ती सुरी नीट करताना जे केलं, आणि त्याआधी दोनदा जे बिघडवलं, ते क्रमाने सांगतो. लाकूडकाम कधी केलं नसेल तरी जमेल. मशीन एकच लागतं, हातातला ड्रिल, आणि तो शेजाऱ्याचा चालतो.

आधी धार बघा

मूठ टोचते म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी अडचण धारेची असते. बोथट सुरी दाबावी लागते, दाबायला मूठ आवळावी लागते, आणि आवळली की ती टोचते. पिकलेला टोमॅटो घ्या. सुरी नुसती ओढून साल कापली जाते का बघा. पातं सालीवरून घसरत असेल तर आधी धार लावून घ्या, चार दिवस वापरा, मग मुठीचं ठरवा. सायकलवर चाक लावून फिरणारे धारवाले अजून गल्लीत येतात. त्यांच्याकडून करून घ्यायची असेल तर पातं चाकावर एका जागी फार वेळ धरू देऊ नका. कडेला निळा-जांभळा रंग चढला तर तिथलं पोलाद तापून मऊ पडलं समजा, ती धार टिकत नाही.

वहिनींच्या सुरीला धार होती. पुढे गेलो.

काजळ लावून हात वाचा

कानस हातात घ्यायच्या आधीची ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि मग नको तिथलं लाकूड घासून बसतात. कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवतात तिथे, दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का ते बघायला एकाला पातळसा निळा रंग पुसतात आणि दुसरा त्यावर टेकवून हलवतात. रंग जिथे उमटतो तिथे उंचवटा. तोच प्रकार इथे करायचा. मुठीला आणि मुठीजवळच्या पात्याच्या पाठीला बोटाने काजळाचा पातळ हात द्या. काजळ नसेल तर कुंकवात तेलाचा थेंब. हात कोरडा करून सुरी नेहमीसारखी धरा, दोन बटाटे चिरा, सुरी खाली ठेवा आणि तळहात उजेडात न्या.

वहिनींच्या हातावर काळं फक्त दोन ठिकाणी होतं. तर्जनीच्या बुडाशी एक गडद रेघ, ती पात्याच्या पाठीची. करंगळीखाली दुसरी, ती मुठीच्या खालच्या कोपऱ्याची. मधला अख्खा तळवा कोरा. म्हणजे सगळा जोर त्या दोन रेघांवर येत होता, मूठ हातात भरतच नव्हती.

तुमच्या हातावर काय उमटतं त्यावरून पुढचं काम ठरतं. नुसती पाठ टोचत असेल तर दहा मिनिटांत सुटाल. कोपरे, साच्याची शिवण किंवा वर आलेलं रिबिट (मूठ जोडणारी धातूची खीळ) टोचत असेल तर तेवढंच घासायचं. तळवा कोरा राहत असेल तर जाडी वाढवायला हवी. आणखी एक खूण: मूठ धरल्यावर बोटांची नखं तळव्यात रुतत असतील तर ती बारीक आहे. मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या बुडाजवळ येऊन जेमतेम टेकावं.

पुढचं काहीही करण्याआधी धारेवर पुठ्ठ्याची घडी घाला आणि त्यावर चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्या. टोक विसरू नका. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण टोकाचीच आहे.

पात्याची पाठ

भराभर चिरणारी माणसं मूठ पूर्ण धरत नाहीत, अंगठा आणि तर्जनी पात्यावरच चिमटीत असतात. स्वस्त सुरीचं पातं पत्र्यातून कापून काढलेलं असतं आणि पाठीच्या दोन्ही कडा तशाच काटकोनी ठेवलेल्या असतात. घट्टा पडतो तो त्यांच्यामुळे.

सुरी ओट्याच्या कडेला दोन लाकडी तुकड्यांमध्ये क्लॅम्पने पकडा, पाठ वर. कडक पोलादावर साधी कानस घसरत जाते, दात मात्र जातात कानशीचेच. त्याऐवजी १२० नंबरच्या एमरी पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा आणि बूट पुसतात तशी पाठीवरून आडवी ओढा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मुठीपासून साधारण ५ सेंटिमीटर एवढंच. नंतर २२० आणि ४०० नंबर. नख फिरवलं की अडकू नये. पाणी लावत राहा म्हणजे पातं तापत नाही आणि धूळही उडत नाही.

खूप जणांचं काम इथेच संपतं.

गुंडाळणं

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मण्यांची विरळणी चालते तेव्हा बायकांच्या हातातल्या कात्र्या बघा. दिवसभर तीच उघडझाप, म्हणून मुठीला चिंधी नाहीतर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते. शेतात हा उपाय उत्तम. स्वयंपाकघरात मला तो फारसा पटत नाही. कापडाखाली पाणी, कांद्याचा रस, कोथिंबिरीचा चोथा साचतो, आठवड्यात वास यायला लागतो, आणि साध्या लोखंडी पात्याची सुरी असेल तर तिथूनच गंज धरतो. बॅडमिंटनच्या रॅकेटवरची टेप हाताला छान लागते, पण तेल पिते. हे सगळं पंधरा दिवसांच्या चाचणीसाठी वापरा. किती जाडी आपल्याला बरी वाटते ते कळायला याच्याइतका स्वस्त मार्ग नाही. बरी वाटली की व्हर्नियर लावा, नसेल तर दोऱ्याने घेर मोजा आणि लिहून ठेवा. वहिनींचं उत्तर आलं, जाडी २० मिलिमीटर, उंची (पाठीकडून धारेकडे) २७.

एम-सीलचा थर

मुठीतली पात्याची शेपटी आखूड असेल, म्हणजे मुठीच्या निम्म्यापर्यंतही जात नसेल, तर लाकडाच्या भानगडीत पडू नका. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकजीव होईपर्यंत मळा आणि मुठीवर थापा. प्लॅस्टिकला हे नुसतं चिकटून राहत नाही. आधी मुठीवर कानशीने आडवेतिडवे ओरखडे काढा आणि ड्रिलने चार-सहा उथळ खड्डे पाडा, म्हणजे थर त्यात अडकून बसतो. ओल्या हाताने आकार द्या, रात्रभर ठेवा, सकाळी घासा. दिसायला ओबडधोबड होते पण चालते.

लाकडाची मूठ

आता मुख्य काम. जुनं प्लॅस्टिक काढायला मुठीच्या वरून आणि खालून हॅक्सॉने लांबीभर चिरा द्या आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उकला. गॅसवर धरून वितळवू नका. धूर विषारी, आणि उष्णता पात्यात शिरते ती वेगळी. वहिनींच्या सुरीतून जवळजवळ मुठीभर लांबीची, दीड मिलिमीटर जाडीची शेपटी निघाली, शेवटाला एक भोक. मला एवढं पुरे होतं. लाकडी पट्ट्या आणि रिबिटांची सुरी असेल तर रिबिटाच्या डोक्यावर सेंटर पंच (ड्रिल घसरू नये म्हणून खळगा पाडणारा टोकदार पंच) मारा, ड्रिलने डोकं उडवा आणि उरलेलं मागून ठोकून काढा.

लाकूड विकत आणू नका. नाशिकच्या द्वारका चौकापासून पुढे कुठल्याही फर्निचरच्या कारखान्यात कोपऱ्यात तुकड्यांची रास असते, चहा पाजलात तर निवडून देतात. बाभूळ मिळाली तर सोनं. बैलगाडीच्या चाकापासून कुदळीच्या दांड्यापर्यंत आपल्याकडे तीच वापरत आले आहेत. शिसव जड आणि सुरेख, पण तिची धूळ काही जणांना खाजते, मास्क लावल्याशिवाय घासू नका. सागाला अंगचं तेल असतं, चिकटवण्याआधी तो भाग थिनरने पुसून कोरडा करावा लागतो, नाहीतर सांधा सुटतो. आंबा नको, मऊ आहे आणि पाणी पितो. प्लायवूड तर नकोच.

दोन पट्ट्या कापा, प्रत्येकी १३० बाय ३२ बाय ११ मिलिमीटर. रेषा लांबीच्या दिशेने जायला हव्यात. एका पट्टीवर शेपटी ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवा आणि पटाशीने दीड मिलिमीटर खोल खाच काढा. शेपटी बसवून वरून बोट फिरवा. ती लाकडाच्या पातळीत आली पाहिजे. खाच खोल झाली तर चिंता नाही, गोंद भरतो. उथळ राहिली तर मात्र दोन पट्ट्यांत फट राहते आणि तिथून आयुष्यभर पाणी जाईल.

दोन्ही पट्ट्या शेपटीसकट कोरड्याच क्लॅम्प करा आणि शेपटीच्या भोकातून आरपार ४ मिलिमीटरचं भोक पाडा, त्यात पुढे पितळी सळई जाईल. भोक नसेल आणि ड्रिल पोलाद खात नसेल तर जबरदस्ती नको. शेपटीच्या टोकाच्या मागून लाकडातच भोक घ्या आणि शेपटीच्या दोन्ही कडांना लहान खाचा पाडा, म्हणजे गोंद तिथे धरतो. दुसरं भोकही असंच मागच्या बाजूला.

एक गोष्ट आता केली नाही तर नंतर करता येत नाही. पट्ट्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच गोल करून गुळगुळीत करा. मूठ जोडल्यावर तिथे कानस फिरवायला गेलात की पात्यावर ओरखडे आलेच.

पूर्वी हे काम लाखेने व्हायचं. तलवारीच्या पितळी-लोखंडी मुठीतही शेपटी लाखेतच बसवलेली असायची. लाख तापली की सैल होते, रोज गरम पाण्याने धुतल्या जाणाऱ्या सुरीला ती नको. अरल्डाइट घ्या, म्हणजे दोन ट्यूबांतला इपॉक्सी गोंद, सावकाश वाळणारं. पाच मिनिटांत धरणारं येतं ते पाण्यापुढे त्यामानाने कच्चं. दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीची पट्टी काढा आणि दोन-तीन मिनिटं घोटा. कमी घोटलेलं कधीच पूर्ण वाळत नाही. खाचेत, दोन्ही पट्ट्यांवर, भोकांत लावा. पितळी सळईचे तुकडे एमरीने खरखरीत करून भोकांत सरकवा. क्लॅम्प फार आवळू नका, सगळा गोंद बाहेर पिळून निघाला तर सांध्यात काय राहणार? पात्यावर आलेला गोंद ओला असतानाच थिनरच्या बोळ्याने पुसा. मग २४ तास हात लावायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी गोंदालाही बाधते. ट्यूबा बंद करून आधी कोमट पाण्यात ठेवा आणि सुरी दोन दिवस ठेवा.

माझी पहिली सुरी इथेच गेली. सळई घट्ट बसावी म्हणून तिच्या डोक्यावर हातोडीचे चार ठोके जास्त दिले. शेवटच्या ठोक्याला टचकन आवाज आला आणि शिसवाची पट्टी भोकापासून टोकापर्यंत चिरली. सळईचं काम पट्टी सरकू न देणं एवढंच, धरून गोंद ठेवतो. हातोडी बाजूला ठेवा.

आकार

पातं लाकडी तुकड्यांत पकडून, धार खाली, मूठ तुमच्याकडे. आयटीआयला फिटरच्या पोराला आधी कानसच धरायला शिकवतात आणि तो कंटाळतो. इथे त्या कंटाळ्याचा उपयोग होतो. दोन्ही हात कानशीवर, जोर पुढे जाताना, मागे आणताना उचलायची.

थेट गोल करायला जाऊ नका. चौकोनी ठोकळ्याचे चारही कोपरे सारखे सपाट मारून आधी अष्टकोन करा. मग त्या आठ कडा मारा. मग घासायच्या कागदाने गोलाई. असं केलं तर दोन्ही बाजू सारख्या राहतात. दर वीस-पंचवीस हातांनी थांबा, सुटवा, धरून बघा. डोळे मिटून धरलं तर जास्त कळतं.

छेद अंडाकृती हवा, पूर्ण गोल नको. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे आहे ते बघितल्याशिवाय समजत नाही. मध्ये दोन-तीन मिलिमीटर पोट ठेवा, तळव्याची पोकळी तिथे भरते. पात्याजवळ बारीक, चिमटीला जागा राहील अशी. मागचं टोक खाली किंचित वळलेलं, म्हणजे ओला हात मागे सुटत नाही. खालच्या बाजूला मात्र जाडी वाढवत बसू नका. पातं रुंद नसेल तर बोटांच्या पेरांना चॉपिंग बोर्ड लागायला लागतो.

आणि बोटांसाठी खाचा पाडू नका. दिसायला मोह होतो, बाजारातही 'आरामदायी' म्हणून त्याच विकतात. त्या खाचा एकाच हाताच्या, एकाच पकडीच्या. कांदा चिरताना पकड वेगळी, भोपळा फोडताना वेगळी, आणि प्रत्येक वेळी खाचेची कड नेमकी बोटाच्या मध्यावर येणार. घरात दुसऱ्या कुणी ती सुरी घेतली तर बोलणी तुम्हाला खावी लागतील.

शेवटचा हात

कागद ८०, १२०, २२० या क्रमाने. मग ओलं फडकं फिरवून वाळू द्या. लाकडाचे तंतू उभे राहतात, ते २२०नेच पुन्हा बसवा. त्यापुढे जाऊ नका.

हे मी दुसऱ्या सुरीवर शिकलो. तिला ६०० नंबरपर्यंत घासलं, वर व्हार्निशचे तीन हात दिले. आरशासारखी झाली. वहिनींनी कौतुक केलं आणि तिसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून परत पाठवली. आलं-लसणाच्या ओल्या हातात ती माशासारखी निसटत होती. व्हार्निश लाकडावर पापुद्रा धरतं, आणि वापरात तो पापुद्रा पुढे उडतोही.

त्यापेक्षा जवसाचं तेल. किराणा दुकानातलं, खाण्याचं. हार्डवेअरमध्ये उकळलेलं म्हणून मिळतं त्यात लवकर वाळवणारी रसायनं असतात, ते स्वयंपाकघरात नको. फडक्याने चोपडा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, दोन-तीन दिवस वाळू द्या. असे तीन हात. शेंगदाणा तेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट होतं आणि खवट वास मारतं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

वापरायला लागल्यावर

सिंकमध्ये पाण्यात बुडवून ठेवायची नाही, धुतली की पुसायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सळई थोडी आत गेल्यासारखी लागते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि तीच सळई नखाला टोचते. तेव्हा ४०० नंबरचा कागद चार वेळा फिरवा, तेलाचा एक हात द्या. लाकूड आणि सळईमध्ये फट दिसली तर अरल्डाइटचा थेंब सुईने सोडा, वाट बघू नका.

तिसरी सुरी दिली त्या दिवशी वहिनींना पुन्हा काजळ लावायला सांगितलं. त्या हसल्या, पण लावलं. बटाटे चिरून हात उघडला तर तळवा सगळीकडे सारखा, फिकट काळा, गडद रेघ कुठेच नाही. घट्टा जायला मात्र महिना-दीड महिना लागला. आता मुठीच्या मागच्या टोकाला त्यांनी लाल दोरा बांधलाय, कामाला येणाऱ्या मावशी चुकून ती उचलू नयेत म्हणून. मावशींनी आपली सुरी परवा माझ्याकडे पाठवून दिली. त्या डावखुऱ्या आहेत, तेव्हा काजळापासून पुन्हा सुरुवात.